बी.एड.च्या अलीकडचं शिक्षणशास्त्र

जून 2019 मध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक शाळांत पोचलं आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. एकवीसला ‘वीस एक’, बासष्टला ‘साठ दोन’ असंही वाचता येईल, असं पुस्तकानं सुचवलं होतं. जुनी पद्धत काढून टाकली नव्हती, दोन्ही शेजारी शेजारी होत्या. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी कारणही सांगितलं. मूल ‘पंचवीस’ ऐकतं तेव्हा कानावर पाच आधी येतो, पाटीवर मात्र दोन आधी लिहावा लागतो, आणि त्यात पोरं अडखळतात. पण तोवर वाहिन्यांवर चर्चा झडल्या होत्या, आडनावांची मोडतोड करणारे विनोद मोबाइलवर फिरत होते आणि ज्याचं त्याचं मत पक्कं झालं होतं.

हा प्रश्न जगात पहिल्यांदा मराठीलाच पडला असावा अशा थाटात आपण भांडलो. शेजारच्या कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस आधी, एक मागून. जर्मन मुलं मराठी मुलांसारखीच उलटं बोलतात आणि सुलटं लिहितात. नॉर्वेनं तर 1951 साली सरकारी निर्णयानं आकडे बोलण्याची पद्धतच फिरवली. टेलिफोन नंबर सांगताना घोळ होतात ही तिथल्या तारखात्याची तक्रार त्यामागे होती. गंमत म्हणजे इतक्या वर्षांनंतरही तिथली कित्येक माणसं दोन्ही पद्धती मिसळून बोलतात. यातलं काही आपल्या चर्चेत आलं असतं, तर निष्कर्ष कुठलाही निघो, भांडण तरी शहाण्यासारखं झालं असतं.

मूल संख्या कशी शिकतं हे कोणत्या विषयाचं काम? गणिताच्या पदवीत हे शिकवत नाहीत. भाषाशास्त्र त्याला बाजूनं स्पर्श करतं, मानसशास्त्र दुसऱ्या बाजूनं. घराघरांतली भाषा, शाळेतली भाषा आणि सरकारी पुस्तक यांचं नातं म्हटलं की समाजशास्त्रही येतं. ही सगळी सुतं जिथे एकत्र येतात त्या विषयाचं नाव शिक्षणशास्त्र. पण महाराष्ट्रात बारावी झालेल्या मुलीला सांगून पाहा की तू शिक्षणशास्त्रात पदवी कर. ती म्हणेल, “म्हणजे बी.एड. ना? ते तर पदवीनंतर करतात.”

तिची चूक नाही. आपल्याकडे हा शब्द परवान्याशी जोडला गेला आहे. डॉक्टर न होताही जीवशास्त्र शिकता येतं, वकिली न करताही राज्यशास्त्र घेता येतं. शिक्षणाचा अभ्यास मात्र शिकवण्याची नोकरी हवी असणाऱ्यानंच करायचा आणि तोही नोकरीपुरता, अशी आपली समजूत आहे. पाठ टाचण, सराव पाठ, निरीक्षण वही, फळ्यावर तारीख-विषय-घटक, शैक्षणिक साधन म्हणून रातोरात रंगवलेला तक्ता: बी.एड. म्हटलं की हे आठवतं. हे निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. चाळीस मुलांसमोर पहिल्यांदा उभं राहणाऱ्या छात्राध्यापकाला टाचणाचा आधार फार मोठा असतो. पण शाळा मुळात कशासाठी आहे, तिच्यात कोण टिकतं आणि कोण गळतं, पुस्तकात काय घ्यायचं हे कोण ठरवतं, हे प्रश्न टाचणाच्या रकान्यात बसत नाहीत.

दुसरी अडचण अशी की शिक्षणाबद्दल आपण सगळेच स्वतःला जाणकार समजतो. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं पहिली ते पाचवीला वर्षाला 800 तास आणि सहावी ते आठवीला 1000 तास अध्यापन व्हायला हवं. म्हणजे आठवी होईपर्यंतच मुलानं 7000 तास शिक्षकाला शिकवताना पाहिलेलं असतं. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1975 च्या आपल्या पुस्तकात याला बघून बघून केलेली उमेदवारी म्हटलं. बाकावरून शिक्षकाचा आवाज ऐकू येतो, छडी दिसते, विनोद दिसतात. त्यानं हेच उदाहरण का घेतलं, कुठला मुलगा मागे पडला हे त्याला कसं उमगलं, हे दिसत नाही. तरी आपण वर्गात उभे राहिलो की सहावीतल्या मास्तरांचीच नक्कल करतो. शिक्षणशास्त्राच्या पदवीचं पहिलं काम ही नक्कल खरवडून काढण्याचं आहे. नऊ-दहा महिन्यांत ते व्हावं अशी अपेक्षा आपण वर्षानुवर्षं बाळगली. बी.एड. दोन वर्षांचं झालं ते 2015 पासून.

शिक्षण हा विद्यापीठाचा विषय कसा झाला, या कथेत एक धागा आपल्या धूळपाटीचा आहे. जर्मनीतल्या हाले विद्यापीठात 1779 साली या विषयाचं पहिलं अध्यासन निघालं. ब्रिटनमध्ये ते यायला शंभर वर्षं गेली, आणि ज्या पैशांवर ते आलं ते अँड्र्यू बेल या पाद्र्याचे होते. बेल मद्रासमधल्या लष्करी अनाथाश्रमाचा प्रमुख होता. 1789 च्या सुमारास त्यानं एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना आणि मोठी मुलं धाकट्यांना शिकवताना पाहिली. त्यानं ती रीत उचलली, इंग्लंडला नेली आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती हजारो शाळांत पसरली. आपल्या पंतोजीच्या शाळेत याहून वेगळं काय चालायचं? बेल मोठी मालमत्ता ठेवून वारला आणि त्याच्या विश्वस्तांनी 1876 साली एडिंबरा आणि सेंट अँड्र्यूज इथे शिक्षणाची अध्यासनं उभारली. वाळू आपली, खुर्ची त्यांची. हे चिडून सांगत नाही. वाळूत काय घडतंय हे थांबून पाहणारा, लिहून ठेवणारा आणि त्यावर वाद घालणारा माणूस लागतो, एवढंच म्हणायचं आहे.

विद्यापीठातल्या अध्यासनाशिवाय दुसरा रस्ता होता नॉर्मल स्कूलचा, म्हणजे शिक्षक तयार करण्याच्या शाळेचा. इंग्रजांनी आपल्याकडे आणला तो हा दुसरा. सावित्रीबाई फुले यांनी शिकवण्याचं शिक्षण घेतलं ते मिशनरी बायकांनी चालवलेल्या अशाच वर्गांत. जोतीरावांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना बरा पगार असावा आणि ते शेतकरी वर्गातून यावेत, असा आग्रह धरला. कोण शिकवतो यावर काय शिकवलं जातं हे ठरतं, ही शिक्षणाच्या समाजशास्त्रातली पायाभूत गोष्ट त्या निवेदनात आहे. मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज 1906 मध्ये निघालं. आचार्य अत्रे टी.डी. ही अध्यापनाची पदविका करायला लंडनला गेले आणि परत आल्यावर त्यांच्या हातून ‘नवयुग वाचनमाला’ झाली. पुस्तकं कशी असावीत याचा विचार करून आलेला माणूस पुस्तकं बदलतो, याचं एवढं ठसठशीत उदाहरण मराठीत दुसरं सापडणं कठीण. पण असे लोक आपापल्या हिमतीवर निघाले. त्यांना घडवणारी पदवी आपण काढली नाही.

काढा, असं सांगणारा माणूस मात्र आपलाच होता. कोठारी आयोगाचे (1964–66) सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. शिक्षक-प्रशिक्षणाच्या संस्था विद्यापीठापासून तुटल्या आहेत, शाळांपासून तुटल्या आहेत आणि एकमेकींपासूनही तुटल्या आहेत, असं निदान आयोगानं केलं. त्यावरच्या उपायांपैकी एक होता: बी.ए.-एम.ए.ला शिक्षण हा इतिहास-अर्थशास्त्रासारखा ऐच्छिक विषय ठेवा, ज्याला मास्तर व्हायचं नाही त्यालाही घेऊ द्या.

उत्तर प्रदेश, बंगाल, ओडिशा, आसाम या राज्यांत तो विषय रुजला. तिथे बी.ए.ला शिक्षणशास्त्र घेणारी मुलं गावोगावच्या महाविद्यालयांत आढळतात. महाराष्ट्रात तो तुरळकच राहिला. पण तिकडचं चित्र फार हेवा करण्यासारखं आहे असंही नाही. फ्रोबेल काय म्हणाला, रूसो काय म्हणाला, शिक्षणाच्या व्याख्या पाच, उद्दिष्टं सात, असा तो विषय पुष्कळ ठिकाणी गाइडांत आटला. वर्षभरात एकदाही शाळेत पाऊल न टाकता शिक्षणशास्त्र शिकता येत असेल, तर ते पोहण्यावरच्या निबंधासारखंच झालं. आमच्या प्रशिक्षणाला विचार नाही आणि त्यांच्या विचाराला शाळा नाही.

दोन्ही एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले आणि ते जुने आहेत. कुरुक्षेत्र विद्यापीठानं 1960 मध्ये चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू केला. एनसीईआरटीनं 1963 च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूरला प्रादेशिक महाविद्यालयं काढली. यांतलं भोपाळचं महाविद्यालय इतर राज्यांबरोबर महाराष्ट्र आणि गोव्यासाठीही आहे. बारावी विज्ञान झालेला मुलगा तिथे जाऊन चार वर्षांत बी.एस्सी. बी.एड. होऊन येऊ शकतो, हे आपल्या किती कनिष्ठ महाविद्यालयांच्या नोटीस बोर्डावर लागतं? पुढे चट्टोपाध्याय आयोगानंही (1983–85) बारावीनंतर चार वर्षं असंच सुचवलं.

या सगळ्यांत मला सर्वांत कसदार वाटतो तो दिल्ली विद्यापीठाचा बी.एल.एड. 1994 साली सुरू झालेला हा चार वर्षांचा अभ्यासक्रम प्राथमिक शिक्षकांसाठीचा होता. आपल्या देशात ही मोठी गोष्ट आहे. लहान मुलांना शिकवणं सोपं, म्हणून त्यांच्या शिक्षकाला शिक्षण कमी, असा आपला उफराटा न्याय. बी.एल.एड.च्या विद्यार्थिनी शाळेतलंच गणित, शाळेतलंच विज्ञान पुन्हा मुळापासून शिकत. नाटक आणि हस्तकला करत, मुलांशी बोलून निरीक्षणं लिहीत, समकालीन भारत हा पेपर अभ्यासत आणि चौथ्या वर्षी कित्येक आठवडे शाळेत राहून शिकवत. तो बहुतांशी मुलींच्या महाविद्यालयांतच राहिला, देशभर पसरला नाही, आणि नव्या धोरणाच्या रेट्यात त्याच्या जागी दुसरा अभ्यासक्रम आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या. वाढलेलं झाड उपटून त्याच जातीचं रोप लावण्याची हौस आपल्या शिक्षणखात्यांना का असते, कळत नाही.

ते रोप म्हणजे आयटेप, अर्थात एकात्मिक शिक्षक-शिक्षण कार्यक्रम. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 2030 पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी असेल असं म्हटलं. 2023-24 पासून 57 संस्थांत तो प्रायोगिक पातळीवर सुरू झाला आणि प्रवेशासाठी एनसीईटी ही देशव्यापी परीक्षा आली. एक विषय आणि शिक्षणशास्त्र, दोन्ही मुख्य. तीन अधिक दोन अशा पाच वर्षांऐवजी चार, म्हणजे एक वर्ष वाचतं. गरीब घरातल्या मुलीसाठी ते वर्ष फार मोलाचं. शिवाय हे शिक्षण विद्यापीठाच्या आवारात, इतर शाखांच्या मुलांबरोबर होणार, म्हणजे कोठारी आयोगाच्या पहिल्या तक्रारीला साठ वर्षांनी का होईना उत्तर मिळालं. खटकतं ते एकच. हा रस्ता पुन्हा परवान्याकडेच जातो. अठराव्या वर्षी मला शिक्षकच व्हायचंय असं ज्याला ठरवता आलं नाही त्याला यात जागा नाही.

आणि अठराव्या वर्षी ते ठरवावं तरी कशाच्या भरवशावर? महाराष्ट्रातल्या डी.एड.ची गोष्ट फार जुनी नाही. बारावीला चांगले गुण, दोन वर्षं अध्यापक विद्यालय आणि लगेच जिल्हा परिषदेची नोकरी: खेड्यापाड्यांतल्या, विशेषतः मुलींच्या घरांनी या वाटेवर दोन पिढ्या विश्वास ठेवला. मागणी दिसली तशी विद्यालयं उगवली, संख्या हजाराच्या पुढे गेली. यातल्या 291 संस्थांच्या मान्यतेचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्यातूनच 2011 मध्ये न्या. वर्मा आयोग नेमला गेला. देशाच्या शिक्षक-शिक्षणावरचा या काळातला सर्वांत महत्त्वाचा अहवाल (2012) आपल्या राज्यातल्या दुकानदारीमुळे जन्माला आला, हे विसरता येत नाही. मग भरती थांबली आणि विद्यालयं रिकामी पडली. 2013 मध्ये टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, पुढे अभियोग्यता चाचणी आणि भरतीसाठीचं पवित्र पोर्टल आलं. 2019-20 च्या टीईटीतल्या गैरप्रकारांत 7880 उमेदवार दोषी ठरले. निवड झालीच तर तीन वर्षं शिक्षणसेवक. त्याचं प्राथमिकचं मानधन 6000 रुपये होतं, ते 16000 व्हायला 2023 साल उजाडलं.

न्यायालयांचे निर्णयही येत राहिले. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असं सांगितलं. माझ्या मते निर्णय योग्य होता. बी.एड.मध्ये सहा वर्षांच्या मुलाला वाचायला कसं शिकवावं हे शिकवतच नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये, महाराष्ट्रातल्या प्रकरणांचाही समावेश असलेल्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक झालं. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं पुन्हा क्लासच्या बाकांवर बसली. हे सगळं घरात पाहणारी मुलगी शिक्षणाच्या पदवीकडे पाठ फिरवते, तेव्हा तिला ध्येयवाद नाही असं म्हणणं लबाडीचं आहे.

मग चांगल्या पदवीत असावं तरी काय? एक उदाहरण घेतो. पाचवीतली मुलगी 1/2 + 1/3 = 2/5 असं लिहिते. बहुतेक वर्गांत तिला फुली मिळते आणि ‘छेद समान करून घे’ हा मंत्र मिळतो. शिक्षणशास्त्र शिकणारा विचारेल, हे तिला सुचलं कुठून? वरचे वर आणि खालचे खाली मिळवायचे, हा पूर्ण संख्यांचा नियम तिनं इकडे आणला. आणि तो नेहमीच चुकतो असंही नाही. एका सामन्यात दोनपैकी एक झेल घेतला, दुसऱ्यात तीनपैकी एक. एकूण पाचपैकी दोन झेल झाले की नाही? म्हणजे मुलगी वेडी नाही, ती वेगळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देते आहे. मग तिला भाकरी द्यायची. अर्धी भाकरी ताटात होती, वर तिसरा हिस्सा वाढला, आणि आता ताटात अर्ध्याहूनही कमी भाकरी? 2/5 हे अर्ध्यापेक्षा लहान आहे हे तिचं तिलाच दिसलं की छेदाचा मंत्र तिला मंत्र वाटणार नाही. हे ज्ञान निव्वळ गणिताचं नाही आणि निव्वळ अध्यापन-पद्धतीचंही नाही. ली शुलमन यांनी 1986 च्या सुमारास या सरमिसळ ज्ञानाला स्वतंत्र नाव दिलं, आणि तेव्हापासून शिक्षक-शिक्षणाचा गाभा म्हणून त्याकडे पाहिलं जातं.

हे नसलं की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचे वर्ग उभे केले, मुलं जमिनीवर आखलेल्या आकृत्यांत बसून, वस्तू हाताळून शिकू लागली. राज्यभरातून माणसं बघायला गेली. परत आल्यावर पुष्कळांनी काय केलं? फरशा रंगवल्या. कुमठ्यात आकृतीच्या मागे मूल कसं शिकतं याचा विचार होता. इतरत्र आकृती तेवढी पोचली, शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्यालाही तीच दिसत होती. त्याच्या उलट, बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरीची साधनं पाहिली तेव्हा ती जशीच्या तशी न घेता शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन आदिवासी पाड्यावर अंगणवाडी भरवली. तत्त्व पचलं असल्यावर साधन बदलता येतं. ताराबाईंना हे शिकवलं ते बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबरच्या भावनगरमधल्या वर्षांनी. सगळ्यांच्या वाट्याला गिजुभाई येत नाहीत, म्हणून पदवी लागते.

परदेशातलं सगळं इथे मांडायचं कारण नाही. फिनलंडचा दाखला सारखा दिला जातो, पण त्यातली एक बाब सहसा सांगितली जात नाही: तिथे प्राथमिक वर्गशिक्षकाचा मुख्य विषयच शिक्षणशास्त्र असतो, तो त्यात प्रबंध लिहितो आणि 1979 पासून त्याला पदव्युत्तर पदवी लागते. इंग्लंडची वाट वेगळी. तिथे ‘एज्युकेशन स्टडीज’ या पदवीला शिकवण्याचा परवाना मिळत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. शिकवायचं असेल तर पुढे एक वर्ष. आपल्याला या दुसऱ्या प्रकाराची जास्त गरज आहे असं मला वाटतं.

कारण शिक्षणाचे निर्णय घेणारे सगळे शिक्षक नसतात. पुस्तक लिहिणारे, पेपर काढणारे, जिल्हा परिषदेत अंदाजपत्रक मांडणारे, शिक्षणाची बातमी म्हणजे दहावीचा निकाल एवढंच समजणारे वार्ताहर, शिकवणीचं ॲप विकणारे, अंगणवाडीचं काम पाहणाऱ्या पर्यवेक्षिका, संस्थांमधले कार्यकर्ते. शाळा व्यवस्थापन समितीत तर कायद्यानं तीन चतुर्थांश पालकच असतात. यांतल्या थोड्यांनी जरी तरुणपणी एक वर्ष शाळांत बसून, नोंदी करून, वाद घालून घालवलं असेल, तर ‘वीस एक’सारख्या प्रश्नावर सभागृहात विनोदांपलीकडे काही बोललं जाईल. नोकरीचं विचाराल तर खरं ते सांगतो: निव्वळ या पदवीवर शाळेत नेमणूक मिळणार नाही. पण निव्वळ इतिहासाच्या किंवा मराठीच्या पदवीवर तरी कुठे मिळते?

आत्ता हे करणं सोपं झालं आहे. 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही नव्या रचनेचे पदवी वर्ग सुरू झाले. त्यात मुख्य विषयाबरोबर गौण विषय घ्यायचा असतो, खुले ऐच्छिक विषय घ्यायचे असतात, आणि त्या जागा कशानं भरायच्या म्हणून प्राचार्य डोकं खाजवत असतात. तिथे शिक्षणशास्त्र ठेवा. व्याख्यांचं नको, आठवड्यातला एक दिवस जवळच्या जिल्हा परिषद शाळेत किंवा अंगणवाडीत, उरलेले दिवस त्या नोंदींवर. शिकवायला मानसशास्त्राचे, अर्थशास्त्राचे, मराठीचे प्राध्यापक आहेतच, आणि गावात निवृत्त झालेली एखादी चांगली प्राथमिक शिक्षिकाही असते. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी एवढं मनावर घ्यावं. हा विषय शिक्षकाची पात्रता देत नाही, म्हणून त्यासाठी शिक्षक-शिक्षणाचं नियमन करणाऱ्या एनसीटीईची मान्यता लागत नाही.